आवलीवर हसवणाऱ्या महाराज मंडळींना एका दुकानदाराच्या लेकीचं खुलं पत्र

समस्त कीर्तनकार, प्रवचनकार महाराज मंडळी आणि गावोगावच्या सप्ताह कमिट्यांना,

रामकृष्ण हरी.

मी कुणी अभ्यासक नाही, माझं शिक्षण बीकॉम आहे आणि मी भोसरीला एका ऑफिसात अकाउंटचं काम बघते. पण माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, घोडनदीच्या काठच्या आमच्या गावात पन्नास वर्षं किराणा दुकान चालवत होते आणि चाळीसेक वर्षं कीर्तन करत होते, त्यामुळे लहानपणापासून एका कानात तागडीचा आवाज आणि दुसऱ्या कानात टाळांचा असं माझं झालेलं आहे. आण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या कीर्तनात जे झालं ते वर्षभर मनात साठलंय, म्हणून लिहितेय. कुणाचं नाव घेणार नाही कारण प्रश्न एका महाराजांचा नाहीच आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा आहे.

झालं असं की भावकीतल्या लोकांनी हौसेनं मोठे महाराज ठरवले, चार महिने आधी तारीख घेतली, मंडप साउंड सगळं केलं, गाव लोटलं. आई पुढेच खुर्चीवर बसलेली, दम्यामुळे तिला खाली बसता येत नाही. कीर्तनाला अभंग तुकोबांचा होता. पहिली वीस मिनिटं छान गेली आणि मग महाराज तुकोबांच्या बायकोवर, आवलीवर आले. तुकोबांनी वाटेत पोरांना ऊस वाटून टाकले, एकच घरी आणला, आवलीनं तोच पाठीत घातला, दोन तुकडे झाले, ती गोष्ट. ती सांगताना आवलीचा आवाज काढला, कंबरेवर हात ठेवून चालून दाखवलं, मग म्हणाले ज्यांच्या घरात आवली आहे त्यांनी हात वर करा. माणसं हसली, हात वर झाले, बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या, मीही कदाचित हसले असते दुसऱ्या कुठल्या दिवशी. पण त्या दिवशी माझं लक्ष आईकडे होतं आणि आई आण्णांच्या फोटोकडे बघत होती.

रात्री सगळे गेल्यावर तिनं मला विचारलं, "मी ह्यांना बोलायचे ते कुणी सांगितलं का गं त्या महाराजांना?"

एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले, ते सगळीकडे हेच सांगतात म्हणाले, तर ती म्हणाली मग बरं, आणि झोपली. मला मात्र झोप आली नाही.

आता मी आण्णांबद्दल सांगते कारण ते पण तुकोबांचंच कीर्तन करायचे आणि त्यांच्या तोंडून चाळीस वर्षांत आवलीची चेष्टा मी एकदाही ऐकली नाही. ते आवली म्हणायचेच नाहीत, जिजाई म्हणायचे.

आईला दमा लग्नाआधीपासून होता आणि आमचं दुकान घराला लागूनच, मधे नुसता एक दरवाजा. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दुकानात मिरचीची पोती आली आणि आईला असा काही अॅटॅक आला की बैलगाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर आण्णांनी दुकानात मिरची ठेवणं कायमचं बंद केलं, आणि तंबाखू पण. आता ज्यांना किराणा धंदा माहिती नाही त्यांना हे छोटं वाटेल, पण गावाकडे चैत्र-वैशाखात वर्षाचा मसाला होतो, प्रत्येक घरात पाच-सात किलो मिरची लागते, आणि जो माणूस मिरचीसाठी तालुक्याच्या बाजारात जातो तो हळद, धने, तेल, गूळ सगळं तिकडूनच घेऊन येतो. म्हणजे नुसतं मिरचीचं नाही, आख्ख्या सीझनचं गिऱ्हाईक गेलं, आणि हे एक वर्ष नाही, पन्नास वर्षं. आजोबा खूप चिडले होते म्हणे. आण्णांनी त्यांना एवढंच सांगितलं की दुकान दुसरीकडे बांधायला पैसे नाहीत, आणि बायकोला दुसरीकडे ठेवायची माझी तयारी नाही.

कीर्तनाला ते जायचे तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत चिपळ्या, वही आणि आईचा एक जादाचा पंप असायचा, ती सोबत असो नसो. ती सोबत असली तर बायकांच्या बाजूला धूप ठेवू नका असं ते विणेकऱ्याला आधीच हळूच सांगायचे. लांबची कीर्तनं घेत नव्हते. रात्री एस्टीनं, नंतर मोटारसायकलवर, घरी परत येता येईल एवढंच अंतर. थंडीत पहाटे आईचा श्वास अडकायचा तेव्हा ते उठून तिच्या पाठीमागे बसायचे, तिला पाठ टेकायला, आणि तसेच हरिपाठ म्हणत राहायचे. मला वाटतं आमच्या घरात हरिपाठ देवापेक्षा आईच्या श्वासासाठीच जास्त म्हटला गेलाय, आणि त्यात देवाला काही वावगं वाटलं नसणार.

पैसे ते घेत नसत. तुकोबांनीच सांगून ठेवलंय की जिथं कीर्तन करावं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये, बुक्का लावून घेऊ नये, माळ घालून घेऊ नये, आणि पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात. आण्णा म्हणायचे मी गुळाचे पैसे घेतो, तुकोबांचे घेत नाही. आता इथं मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. ज्यांचं पोटच कीर्तनावर आहे, आळंदीला चार-चार वर्षं काढून जे शिकलेत, त्या पोरांना गाडीखर्च आणि मानधन मिळालंच पाहिजे असं माझं मत आहे, सगळ्यांकडे किराणा दुकान नसतं. आण्णांना फुकट करणं जमलं कारण मागे दुकान होतं आणि दुकानात ते नसताना आई बसत होती. त्यांच्या फुकट कीर्तनाची अर्धी किंमत आईनं गल्ल्यावर बसून दिलेली आहे. जेवणाचं मात्र ते काटेकोर पाळायचे, कितीही आग्रह झाला तरी, आणि त्याचं एक घरगुती कारण पण होतं, ते येईपर्यंत आई जेवत नसे. रात्री साडेबारा-एकला दोघं चुलीपुढे बसून जेवायची ते मी झोपेतून उठून कितीदा पाहिलंय. भाकरी गार झालेली असायची आणि आई त्यांना कीर्तनात काय सांगितलं ते विचारायची.

आणि हो, आई बोलायची त्यांना. चांगली बोलायची. ते लपवण्यात काही अर्थ नाही. उधारीवरून बोलायची. लाल वहीत अशी कितीतरी नावं होती की ज्यांच्यापुढे वर्षानुवर्षं फक्त आकडा वाढत जायचा, आणि इकडे माझ्या कॉलेजच्या फीसाठी आण्णा कर्ज मागायला सोसायटीच्या दारात उभे. आई म्हणायची पोरांच्या तोंडचं काढून गावाला वाटता, तुम्हाला संत व्हायचंय तर लग्न कशाला केलंत. आण्णा गप्प ऐकून घ्यायचे. पण त्याच आईनं 1972 च्या दुष्काळात, लग्नाला धड वर्ष पण झालेलं नसताना, स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. तेव्हा गावातली निम्मी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात होती, हाताला फोड यायचे, खायला सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी, आणि पगार वेळेवर होत नव्हते. पगार होईपर्यंत लोक खाणार काय, तर दुकानातली उधारी. आणि आडतवाल्यांनी आमच्या दुकानाला उधारी बंद केलेली. तेव्हा पाटल्या गेल्या आणि पोती आली. त्या पाटल्या पुढे सोडवल्या गेल्या नाहीत.

हे आण्णा कीर्तनात सांगायचे. तुकोबांच्या चरित्राला जोडून सांगायचे. आणि इथून पुढे महाराज मंडळींनो, मी तुम्हाला माहिती असलेल्याच गोष्टी परत सांगणार आहे, पण दुकानदाराच्या घरातून त्या कशा दिसतात तशा सांगणार आहे.

तुकोबा हे देहूच्या बाजारपेठेचे महाजन. सावकारी, शेती, दुकान, सगळं घरचं. वडील बोल्होबांनी धंदा हातात दिला तेव्हा वय तेरा-चौदा. पहिली बायको रखुमाबाई, तिला दमा. म्हणून दुसरं लग्न, पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई, तीच आवली. सतराव्या-अठराव्या वर्षाच्या आसपास आई-वडील गेले, भावजय गेली, थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थाला निघून गेला. आणि मग 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. धंदा बसला, दिवाळं निघालं, रखुमाबाई गेली, पोरगा संतू गेला.

तुकोबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. दुष्काळानं पैसा नेला, मान नेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, याची लाज वाटली, धंद्यात तोटा आला, असं सरळ लिहिलंय त्यांनी. माझं म्हणणं आहे की त्या शब्दांवर थांबा जरा. दुकानदाराची बायको भुकेनं मेली. ज्याच्या हातात माप आहे त्याच्या घरात दाणा नाही. आण्णा या ठिकाणी यायचे तेव्हा दर वेळी त्यांचा आवाज बसायचा, टाळकरी चाल पुढे घेऊन सावरून घ्यायचे. रखुमाबाईला दमा होता हे आण्णा कधी चुकवत नसत आणि का चुकवत नसत हे गावातल्या प्रत्येक बाईला माहिती होतं. तुमच्यातल्या किती जणांच्या कीर्तनात रखुमाबाई असते? मी गेल्या वर्षभरात युट्यूबवर मुद्दाम ऐकत बसले, सकाळी डबा करताना, बसमध्ये, रात्री. आवलीचा उसाचा मार भरपूर वेळा सापडला. रखुमाबाई दोनदा. तीही नावाशिवाय, "पहिली बायको वारली" एवढीच.

मग कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ती गोष्ट. ती तुम्ही सगळे वैराग्याची म्हणून सांगता आणि ती आहेच, पण त्यातला मधला भाग घाईघाईत सोडून देता. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला मला संसार आहे, माझा वाटा मला पाहिजे. तर तुकोबांनी आधी निम्मी निम्मी वाटणी केली, भावाची खतं भावाला दिली आणि फक्त स्वतःची निम्मी बुडवली. आण्णा म्हणायचे हा माणूस शेवटपर्यंत चोख दुकानदार आहे बघा, दुसऱ्याच्या पैशाचं वैराग्य त्यानं केलं नाही. त्यांच्या अभंगात बघा ना, माप आहे, भांडवल आहे, मुद्दल आहे, खरं-खोटं पारखणं आहे, ते सगळं पेठेतून आलेलं आहे.

आणि जिजाई. संतांची चरित्रं लिहिणाऱ्या महिपतींनी सांगितलंय की धंदा बुडाल्यावर कुणी तुकोबांना उभं करेना तेव्हा जिजाईनं स्वतःच्या नावावर खत लिहून दोनशे रुपये काढून दिले. स्वतःच्या नावावर! सतराव्या शतकात! ते घेऊन ते मिठाच्या व्यापाराला गेले, नफा झाला, आणि येताना वाटेत एक कर्जात अडकलेला गरीब माणूस दिसला तर सगळे पैसे त्याला देऊन घरी आले. आता मला सांगा, खत तिच्या नावावर आहे, सावकार तिच्या दारात येणार, पोरं तिच्या पदराला लागलेली, त्या बाईनं काय करायचं? ओवाळायचं? ती बोलली. कुठलीही बाई बोलेल. माझी आई बोलायची.

पण मला सगळ्यात जे भिडतं ते वेगळंच आहे. जिजाईचं बोलणं आपल्याला आज कसं माहिती आहे? तर तुकोबांमुळे. त्यांच्या गाथेत पाठोपाठ असे अभंग आहेत की ज्यात ती बोलतेय. घरात धान्याची गोणी आली तरी हा पोरांना दाणे खाऊ देत नाही, नवरा देवाचा झाला आता पोरांनो तुम्ही खाणार काय, अशी तिची गाऱ्हाणी तिच्याच शब्दांत. नवऱ्यानं स्वतःच्या विरुद्धची बायकोची तक्रार स्वतःच्या अभंगात घातली आणि ती गाथेबरोबर साडेतीनशे वर्षं टिकली. तिचं म्हणणं त्याला कवडीमोल वाटलं असतं तर तो कशाला लिहीत बसला असता? आणि तिला सोडूनही दिलेलं नाही, तिच्यासाठी म्हणून वेगळे अकरा अभंग केलेत, उपदेशाचे, तिला समजावून सांगणारे. घरातल्या बाईला बसवून आपल्या मनातलं सगळ्यात मोठं काय आहे ते सांगणारा नवरा आजसुद्धा किती घरांत आहे ते तुम्हीच बघा. मी तर म्हणते तुकोबांना संसार जमला नाही असं जे सरसकट सांगितलं जातं तेच मुळात अर्धवट आहे.

भंडाऱ्याचा डोंगर देहूपासून पाच-सहा किलोमीटर. तुकोबा तिथं जाऊन बसायचे आणि जिजाई भाकरी घेऊन रोज तिथं जायची, त्यांना जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. आण्णा दर तुकाराम बीजेला देहूला जायचे, वर्षातून तेवढा एकच दिवस दुकान पूर्ण बंद. एकादशीला पण बंद नसायचं, लोकांना शाबूदाणा-भगर लागते म्हणून. दुपारी बाराला नांदुरकीच्या झाडाखाली फुलं वाहून झाली की गर्दी ओसरल्यावर ते आईला रिक्षानं भंडाऱ्याला न्यायचे. एका वर्षी मी बरोबर होते. चढावर त्यांनी रिक्षा थांबवली, खाली देहूच्या दिशेला हात केला आणि म्हणाले, इथून ती पायानं यायची, हातात भाकरी आणि पोटात भूक. आई म्हणाली, उन्हाची. आण्णा म्हणाले, उन्हाची. मग दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत.

तुकोबा 1650 ला फाल्गुन वद्य द्वितीयेला गेले तेव्हा जिजाईच्या पोटात नारायण होता. म्हणजे नवरा गेल्यावर ती बाळंत झाली, पोरं वाढवली. आणि त्याच नारायण महाराजांनी 1685 साली पालखी सोहळा सुरू केला, ज्या पालखीबरोबर आज तुम्ही आम्ही लाखो माणसं चालतो. तिच्या पोटातला तो पोरगा. आणि आपण तिला काय दिलं, तर उसाचं टिपरू.

ती उसाची गोष्ट सांगूच नका असं मी म्हणत नाही. लोककथा आहे, लोकांना आवडते, त्यात तुकोबांची शांती दिसते हेही खरं. पण ती सांगितली तर दोनशे रुपयांचं खतही सांगा आणि भाकरीही सांगा. आणि आवाज काढू नका, चालून दाखवू नका, हात वर करायला लावू नका. समोर ज्या बायका बसलेल्या असतात ना, पहाटे उठून पंगतीच्या हजार-दीड हजार पोळ्या लाटून आलेल्या असतात. त्या हसतात कारण शेजारी सासू बसलेली असते, नवरा पलीकडे बसलेला असतो, न हसून सांगणार कुणाला. त्यांच्यात एखादी नुकतीच विधवा झालेली असते आणि नवऱ्याला कधी काय काय बोललो ते आठवत रात्र काढत असते. तुमच्या एका वाक्यानं तिची पुढची कितीतरी वर्षं जड होतात हे तुम्हाला स्टेजवरून दिसत नाही.

सप्ताह कमिट्यांना पण हात जोडून सांगणं आहे. तारीख घेताना तुम्ही विचारता महाराज किती घेतात आणि गर्दी किती होते. हे पण विचारा की बायकांबद्दल काय बोलतात. फोनवर सरळ सांगा की आमच्या गावात हे चालत नाही. एक-दोन गावांनी सांगितलं तरी फरक पडेल, कारण टाळ्या कुठं मिळतात हे महाराज लोकांना बरोबर कळतं. आणि कमिटीत एक तरी बाई घ्या, स्वयंपाकाचं ठरवायला नव्हे, महाराज ठरवायला.

तरुण महाराजांनो, तुम्ही शिकलेले आहात, गळा आहे, पाठांतर आहे, तुम्हाला नकला करायची गरज नाही. आण्णांना गळा नव्हता, चाली पण तीन-चारच यायच्या. पण ते रखुमाबाईवर आले की गावातली दारू पिणारी माणसं मान खाली घालून बसायची, त्यातल्या एकानं दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बायकोसाठी औषधाचे पैसे उसने नेले होते, ते मी स्वतः वहीत लिहून घेतलेत.

ती वही आईकडे आहे. आण्णा गेल्यावर चुलतभाऊ म्हणाला काकू, वसुली करू का, बरेच पैसे आहेत. आईनं दोन दिवस वही वाचली, अक्षर न अक्षर, आणि मग कपाटात ठेवून दिली. बुडवली नाही आणि वसुलीही नाही. कुणी आणून दिले तर ती त्या नावापुढे आण्णांसारखीच काट मारते, तारीख घालते. आतापर्यंत सतरा काटा मारून झाल्यात.

यंदा चैत्रातल्या सप्ताहात चौथ्या दिवशीचं कीर्तन आमच्या घराकडून आहे. महाराज अजून ठरलेले नाहीत. हे पत्र वाचून ज्यांना वाटेल की आपण यावं त्यांनी आमच्या तालुक्यात कुणालाही मिरची न विकणाऱ्या आण्णांचं गाव विचारावं, लोक सांगतील. आई पुढे खुर्चीवर बसलेली असेल, धूप तेवढा लांब ठेवायचाय. अभंग कुठलाही घ्या. स्वयंपाक घरी केलेला असेल, पण तुम्ही तुकोबांचा नियम पाळून न जेवता निघालात तरी आई वाईट वाटून घेणार नाही, तिला त्याची सवय आहे.

आपली,
एका दुकानदाराची लेक